धुरानं उठलेलं मोहोळ

येडशीला मी रुग्णवाहिकेवर डॉक्टर होते, तेव्हाची ही गोष्ट. लोक जिला नुसतं ‘एकशेआठ’ म्हणतात, ती गाडी. गाडीवर दोनच माणसं असायची, एक डॉक्टर आणि एक चालक. चालकाला आमच्यात पायलट म्हणतात. माझे पायलट पन्नाशी ओलांडलेले, धाराशिव जिल्ह्यातल्याच वाशीकडचे, आधी बरीच वर्षं मालट्रकवर फिरलेले होते. मी त्यांना मामा म्हणायचे. ते मला मॅडम म्हणायचे आणि चिडले की ताई.

मी मूळची तामलवाडीची. लहानपणापासून घरात सगळे म्हणत, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली, बरं झालं, आता सरकारच तुला पळवील. पण या कामात पळण्यापेक्षा थांबणंच जास्त असतं, हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली गाडी उभी असायची. पुण्याच्या केंद्रातून फोन आला की निघायचं, तोवर काही करायचं नाही. चहा मागवायचा आणि तो गार होईपर्यंत हातात धरून आवारात फेऱ्या मारायच्या. डबा उघडायचा, दोन घास खायचे, झाकण लावून टाकायचं. फोन बराच वेळ वाजला नाही की मला वाटायचं, रेंजच गेली असणार. मग मामांना सांगायचं, जरा मिस्ड कॉल द्या.

मामा वैतागून द्यायचे. ‘मॅडम, फोन चांगला हाय. लोकं बी चांगली हायेत. कुनाला काय झालं न्हाय म्हून फोन न्हाय.’

फोन आला की मात्र जीव भांड्यात पडायचा, आणि असं वाटल्याची लगेच लाजही वाटायची. कारण फोन आला याचा अर्थ कुणीतरी कुठंतरी रस्त्यावर पडलेलं असायचं.

दुसरी एक गोष्ट मला फार छळायची. आम्ही पेशंट उचलायचा, धाराशिवच्या सिव्हिलला नेऊन द्यायचा, सही घ्यायची, स्ट्रेचर धुवायचं आणि परत फिरायचं. त्या माणसाचं पुढं काय झालं, हे आम्हाला कधीच कळायचं नाही. आई रात्री फोनवर विचारायची, ‘मग ती बाळंतीण? बरी हाय का?’ मी म्हणायचे, ‘माहीत नाही गं.’ ती म्हणायची, ‘आगं, मग इचारायचं की.’ तिला काय सांगणार, तोवर मी आणखी तिघांना कुठंकुठं सोडून आलेली असायचे.

तर त्या दिवशीचं. शिमगा तोंडावर आला होता. शिवारात ज्वारीची काढणी चाललेली, रस्त्यावर कडब्याचे ट्रॅक्टर सुरू झालेले. दुपार कलताना फोन आला. केंद्रातल्या मुलीनं येडशीच्या पलीकडचं, डोंगराच्या बगलेतलं एक गाव सांगितलं. मधमाश्या चावल्यात, बरीच माणसं आहेत. तिनं नंबर दिला. मामांनी तोवर गाडी आवाराबाहेर काढलीसुद्धा होती. मी नंबर लावला.

‘हां, या, लवकर या!’ पलीकडून एक पुरुष धापा टाकत बोलत होता.

‘यायचं कुठं? गावात का?’

‘गावात न्हाय, रानात. फाट्यावरनं आत या. म्या फाट्यावर हुबा ऱ्हातो. वढ्याच्या कडंला धूर दिसंल. पर धुराकडं गाडी आणू नका!’

‘धूर कशाचा?’

 ‘आमच्या वडलांचं सरण हाय.’

मी मामांना सांगितलं. त्यांनी दोन्ही काचा वर घेतल्या. मी मागं जाऊन बॅग उघडली, अॅड्रेनलिन इंजेक्शनच्या कुप्या वर काढून ठेवल्या, पुन्हा बॅगेत ठेवल्या, पुन्हा बाहेर काढल्या. मामा आरशातून बघत होते. ‘त्यांला फोडू नका म्हंजे झालं,’ ते म्हणाले.

फाट्यावर तो माणूस उभा होता. तिशीचा, उघडा, ओल्या पंचात, ताजं मुंडण केलेलं. त्या मुंडण केलेल्या डोक्यावर गांधी उठल्या होत्या आणि एक डोळा मिटत चालला होता. तो मामांच्या शेजारी बसला आणि रस्ता दाखवता दाखवता सांगत गेला. वडील सकाळी गेले. मेंढरं राखणारं घर. ओढ्याच्या काठी त्यांचं थोडं रान होतं, पूर्वी तिथंच मेंढरं बसवायचे, म्हणून मला तिथंच जाळा असं वडील सांगून गेले होते. काठावर जुना वड आहे. वर आग्या मोहोळ आहे, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या घाईत, रडारडीत वर कुणी बघितलंच नाही. यानं अग्नी दिला. सरण पेटलं, वारा फिरला आणि धूर सरळ वडात शिरला.

‘एकदम अंधार आल्यावाणी झालं,’ तो म्हणाला. ‘माणसं वाट दिसंल तिकडं पळाली. कोन वढ्यात, कोन कडब्यात. वडलाला तसंच सोडून पळालो, मॅडम. म्या बी.’

मी म्हटलं, ‘दुसरं काय करणार होतात?’ 

त्यांच्या शेतातला आखाडा, म्हणजे एक पत्र्याची खोली आणि पुढं गोठा, सरणापासून बराच लांब होता. पळालेली माणसं हळूहळू तिथं जमली होती. कुणी अंगाला चुना लावत होतं, कुणी एकमेकांच्या पाठीतले काटे काढत होतं. लांब ओढ्याकाठी धूर वर जाताना दिसत होता आणि त्याच्या आसपास एकही माणूस नव्हतं. ते दृश्य मला बघवेना. मी त्या बाजूला पाठ केली.

‘आधी म्हाताऱ्याला बघा!’ सगळे एकदम ओरडले.

म्हातारा म्हणजे मयताचा धाकटा भाऊ, फाट्यावर भेटलेल्या त्या मुलाचा चुलता. बाजेवर बसवला होता. त्याचं तोंड सुजून डोळ्यांच्या नुसत्या चिरा राहिल्या होत्या. मान, पाठ, दंड, कानाच्या पाळ्या, कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. नंतर मला कळलं, माश्या उठल्या तेव्हा त्यानं आपल्या खांद्यावरची घोंगडी काढून मयताच्या जावयावर टाकली होती आणि त्याला ढकलत ढकलत ओढ्यापार नेलं होतं. स्वतः उघडाच राहिला होता.

मी नाडी धरली. जलद होती, पण भरलेली. रक्तदाब बरा होता. श्वास मोकळा होता. त्यानं माझ्याकडं मान वळवली आणि विचारलं, ‘जाळ धरलाय का बगा की. इजला तर न्हाय ना?’

‘धरलाय, बाबा,’ मी म्हटलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, ‘मला काय न्हाय झालं, मला पाणी द्या नुसतं.’ आवाज असा होता की जणू घशात भुसा अडकलाय. मी वळले. भिंतीला टेकून जावई उभा होता. चांगला धडधाकट, तिशी-पस्तिशीचा माणूस. त्याला मोजक्याच माश्या चावल्या होत्या, हातावर आणि मानेवर. पण त्याचे ओठ जाड झाले होते, पोटावर हात दाबलेला होता आणि छातीवर लाल चट्टे पसरत होते. मी जवळ जाईपर्यंत तो भिंतीवरून घसरत खाली बसला. नाडी लागेना.

मी त्याला आडवा केला, पाय वर घ्यायला लावले आणि पँटवरूनच मांडीत इंजेक्शन दिलं. मामांनी ऑक्सिजन आणला. आमच्याभोवती माणसं गोळा झाली आणि त्यांचा आवाज चढायला लागला.

‘आवो, म्हाताऱ्याच्या अंगात शंभर काटे हायेत आन तुमी ह्याला काय बगताय?’

‘जावई हाय म्हून मान देताय व्हय त्याला?’ एकानं तर असंही विचारलं.

मी त्यांना सांगत होते की काहींच्या अंगाला दोन माश्यासुद्धा सोसत नाहीत, घसा बंद होतो, रक्तदाब पडतो, माणूस बघता बघता जातो. म्हाताऱ्यालाही धोका आहे, पण त्याला अजून वेळ आहे, याला नाही. माझे हात एकीकडं चालले होते आणि तोंड दुसरीकडं. कोण ऐकत होतं कुणास ठाऊक. शेवटी म्हाताराच बाजेवरून ओरडला, ‘जावयाला न्या! आधी लेकीचं कुंकू बगा. गप बसा की रं सगळी!’

माणसं बाजूला झाली.

जावयाला स्ट्रेचरवर घेतलं. म्हाताऱ्याला गाडीतल्या बाकावर झोपवून न्यावं असं मी म्हटलं. त्यानं मान हलवली. ‘म्या न्हाय येत. सरण चालू हाय.’ मी दोनदा सांगितलं. पुतण्यानं हाताला धरलं, तर त्यानं हात झटकला. इकडं जावयाचा श्वास पुन्हा घरघरायला लागला होता. वाद घालायला वेळच नव्हता. मी म्हाताऱ्याला इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं आणि पुतण्याला बाजूला घेऊन सांगितलं, ‘एखादी पिकअप आणा, खाली गादी टाका, यांना घेऊन आमच्या मागोमाग निघा. काहीही बोलू देत, निघायचं. सिव्हिललाच या, मध्ये कुठं थांबू नका.’ पिकअप तिथंच होती, लाकडं घेऊन आलेली. त्यानं हो म्हटलं.

आम्ही निघालो तेव्हा पिकअप मागं होती. मला मागच्या काचेतून दिसत होती. सलाईनची बाटली एक माणूस हात उंच करून धरून बसला होता.

जावयाला मी वाटेत आणखी एक इंजेक्शन दिलं. सलाईन जोरात सोडलं. तो डोळे उघडायचा, काहीतरी बोलायला बघायचा आणि मी म्हणायचे, बोलू नका. त्याच्याकडं बघायचं, मॉनिटरकडं बघायचं आणि मग मागच्या काचेतून पिकअप. येडशी ओलांडायच्या आधी एक कडब्याचा ट्रॅक्टर आमच्या आणि पिकअपच्या मध्ये शिरला. रस्त्याच्या दोन्ही बाजू अडवून डुलत चाललेला. मामा त्याच्या पुढं निघून गेले होते. पिकअप मागं राहिली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी काचेला नाक लावून बघत राहिले. ट्रॅक्टर दिसेनासा झाला. त्याच्या मागून दोन मोटारसायकली आल्या, एक एसटी आली. पिकअप आली नाही.

‘मामा, पिकअप दिसते का आरशात?’

‘येतीय की. तुमी पुढ्यातला पेशंट बगा.’

पुढ्यातला पेशंट सुधारत होता. धाराशिव जवळ आलं तेव्हा त्याची नाडी हाताला नीट लागायला लागली. त्यानं स्पष्ट आवाजात विचारलं, ‘मामाजी कुठं हायेत?’ सासऱ्याच्या भावाला तो मामाजी म्हणत होता. मी म्हटलं, मागून येतायत.

सिव्हिलला त्याला आत घेतलं. मी काय झालं, काय दिलं, सगळं सांगितलं, सही घेतली. एरवी इथं माझं काम संपायचं. त्या दिवशी मी दारातच उभी राहिले. एक रिक्षा आली, एक जीप आली, बैलानं मारलेला एक माणूस आला. मामांनी गाडी बाजूला घेतली आणि हॉर्न वाजवला. मी हातानं थांबा म्हटलं. पुतण्याला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. रस्त्यापर्यंत चालत गेले, परत आले. कितव्यांदा तरी लावल्यावर त्यानं उचलला.

‘कुठं पोचलात?’

‘मॅडम, चुलता परत आलाय.’

‘परत म्हणजे?’

‘ट्रॅक्टरमुळं गाडी हळू झाली, तर खाली उडी मारायला लागला. सलाईनची सुई उपसली. म्हनला, मला माघारी न्या न्हायतर हितंच रस्त्यावर झोपतो. ड्रायव्हर भ्याला आन वळवली गाडी. आता सरणापाशी बसलाय. उठंना.’

‘सरणापाशी? माश्या?’

‘जरा लांब हाय. पर आमी कोन तिकडं जायना, तर हा एकटाच.’

 मी गाडीपाशी जाऊन मामांना म्हटलं, परत जाऊ. मामा म्हणाले, ‘ताई, असं जाता येत न्हाय.’ ताई म्हणाले, म्हणजे चिडले होते. पण त्यांचं खरं होतं. आमची गाडी केंद्रानं सांगितल्याशिवाय पेशंटकडं जाऊ शकत नाही. पेशंट सोडला की जागेवर परतायचं आणि पुढच्या फोनसाठी तयार राहायचं. त्या सगळ्या पट्ट्यात आमची एकच गाडी. आम्ही मनानंच कुठं गेलो आणि त्याच वेळी घाटात अपघात झाला, तर?

मी पुतण्याला पुन्हा फोन लावला. ‘तुम्ही आत्ताच्या आत्ता एकशेआठला फोन करा.’

‘आवो, मगाशी केला की.’

‘ती गाडी जावयासाठी झाली. आता चुलत्यासाठी करा. त्यांचं वय सांगा, किती माश्या चावल्यात ते सांगा, गाव सांगा.’

आम्ही येडशीच्या रस्त्याला लागलो. फोन मांडीवर होता. तो वाजला तर तो म्हाताऱ्याचा असेल की आणखी कुणाचा, हे कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या कुणाचा असता तर आम्हाला तिकडं जावं लागलं असतं आणि म्हाताऱ्याला लांबची दुसरी गाडी मिळाली असती. मी मनातल्या मनात घोकत होते, या वेळेला कुणाला काही होऊ नये.   फोन वाजला. केंद्रातल्या मुलीनं गावाचं नाव घेतलं आणि मी तिचं पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हटलं, ‘हो, निघालोय.’

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. माश्या परत वडावर बसत होत्या, तरी मामांनी गाडी आखाड्यापाशीच थांबवली. पुतण्या आणि मी पायी निघालो. सरणाला अजून धग होती. त्याच्यापासून थोड्या अंतरावर, बांधाच्या दगडाला टेकून म्हातारा बसला होता. घोंगडी आता त्याच्या अंगावर होती. तोंड मगाशीपेक्षा जास्त सुजलेलं होतं. समोर ओकारीवर माती टाकलेली होती.

‘बाबा, चला,’ मी म्हटलं.

‘कवटी फुटली न्हाय अजून.’

मला ते कळलं. आमच्याकडंही कवटी फुटल्याचा आवाज आल्याशिवाय सरणापासून माणसं निघत नाहीत. मी त्याच्यापाशी बसले, नाडी बघितली. पुतण्याला हळूच विचारलं, यांना लघवी झाली का? तो म्हणाला, ‘मगाशी झाली. कोऱ्या चहावानी, लाल काळी.’

तिथं मात्र माझा धीर सुटला. इतक्या माश्यांचं विष अंगात गेलं की रक्त आणि स्नायू फुटायला लागतात आणि तो सगळा गाळ मूत्रपिंडात जाऊन बसतो. लघवी बंद झाली की मग माणूस दोन-चार दिवसांत हळूहळू जातो. मी ते म्हाताऱ्याला जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

‘ताई,’ तो म्हणाला, ‘आमी दोघं मेंढरं घिऊन लई हिंडलो. रातच्याला एकानं जागायचं, एकानं झोपायचं. लांडगं असायचं. त्याच्या पाळीला तो कवा झोपला न्हाय. आज सगळे पळून गेले, म्या बी पळालो. आता तर बसू द्या.’

मी बसू दिलं. थोडा वेळ. त्याला पुन्हा सलाईन लावलं आणि बाटली पुतण्याच्या हातात दिली. मी उठून बांधावरून फेऱ्या मारायला लागले. सरणाकडं कान लावून होते. लाकडं तडकत होती, प्रत्येक आवाजाला मी थबकत होते. केंद्रातून फोन आला, ‘पेशंट घेतला का?’ मी म्हटलं, ‘घेतोय.’ मामा लांबून हात हलवत होते. म्हाताऱ्याला पुन्हा ओकारी आली आणि या वेळी त्याला मान वर उचलता येईना. नाडी बारीक झाली.

मी पुतण्याला म्हटलं, ‘आता उचला यांना.’

‘त्यो शिव्या घालंल.’

‘घालू दे. तुम्ही इथं थांबा. मुलगा तुम्ही आहात, तुम्ही थांबलात म्हणजे झालं.’

आखाड्यावरची माणसं आली. त्यांनी त्याला घोंगडीसकट उचललं. त्यानं खरंच शिव्या घातल्या, मलाही घातल्या. पाय झाडले. गाडीत ठेवल्यावर मात्र त्यानं तोंड पलीकडं केलं आणि धाराशिव येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मी विचारत होते, दम लागतोय का, कुठं दुखतंय का. तो पत्र्याकडं बघत होता.

त्याला भरती केलं. दुसऱ्या दिवशी त्याची लघवी बंद झाली.

हे मला कळलं, कारण या वेळी मी गेले. आईनं फोनवर नेहमीसारखं विचारलं, ‘मग त्या म्हाताऱ्याचं?’ आणि ‘माहीत नाही’ म्हणायला माझी जीभ उचलेना. ड्युटी संपल्यावर एसटीनं धाराशिवला गेले. जावई बरा होऊन घरी गेला होता आणि आता तोच म्हाताऱ्याच्या उशाशी बसला होता. डॉक्टरांनी डायलिसिस सुरू केलं होतं. मशीनवरून आलं की म्हातारा पिळून काढल्यासारखा दिसायचा. मी पुन्हा गेले, पुन्हा गेले. वॉर्डात फार वेळ थांबवायचं नाही मला. बाटलीत किती लघवी जमली ते बघायचं, नर्सला विचारायचं आणि निघायचं. म्हातारा माझ्याशी बोलत नव्हता. मला काही सांगायचं असलं तर जावयाला सांगायचा, ‘त्यास्नी म्हनावं, पाय सुजलेत.’ मी तिथंच उभी असायचे.

हळूहळू बाटलीत लघवी दिसायला लागली. सूज उतरली. भावाचा दहावा त्याच्याविनाच झाला. त्या दिवशी मी मुद्दाम गेले नाही.

नंतर एकदा गेले तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. जावई डबा धुवायला गेला होता. म्हातारा पहिल्यांदाच सरळ माझ्याकडं बघून बोलला.

‘तुमी माझा जीव वाचीवला, खरं हाय. डाक्टर बी तेच म्हनत्यात. पर म्या भावाला अर्ध्यात सोडून आलो, त्येबी खरं हाय. म्या तुमच्यावर राजी न्हाय.’

 मी म्हटलं, ‘चालेल, बाबा.’

‘पुतन्या म्हनतो, तुमी गेल्यावर फुटली कवटी. त्येला कुठनं ऐकू येनार? त्यो माश्यांच्या भ्यानं आखाड्यापाशी जाऊन बसला असंल.’

पुतण्या बाहेर दवाखान्याच्या पायरीवर बसून विडी ओढत होता. जाताना मी त्याला विचारलं.  तो म्हणाला, ‘म्या तितंच व्हतो मॅडम. बांधावरनं हाललो न्हाय. आवाज बी आला. पर त्यो कवटीचा का लाकडाचा, ते मला कळलं न्हाय. चुलत्याला कसं सांगू?’

 एसटी स्टँडवर येईपर्यंत तेच डोक्यात होतं. गाडीत बसायला जागा होती तरी मी येडशीपर्यंत दांडा धरून उभी राहिले.

डिस्चार्ज झाला त्या दिवशी माझी ड्युटी होती. एका पेशंटला सोडायला आम्ही सिव्हिलला आलो, तर ही मंडळी फाटकात रिक्षाची वाट बघत होती. म्हाताऱ्यानं धुतलेलं धोतर नेसलं होतं, घोंगडी खांद्यावर होती. मी गोळ्या कशा घ्यायच्या ते विचारलं. त्यानं बरोबर सांगितलं. मग जावयाला म्हणाला, ‘आधी रानात जायचं. मग घरी.’ मी म्हटलं, ‘बाबा, उन्हात जाऊ नका, विश्रांती घ्या.’ तो माझ्याकडं न बघता रिक्षात चढला. तेवढ्यात मामांनी हाक मारली. निघायचं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी मी पुतण्याला फोन केला. चुलता रानात गेला होता. वडापासून लांब, बांधावर बराच वेळ एकटाच बसला. कुणी जवळ आलेलं त्याला चाललं नाही. मग आपणहून उठला, घरी आला, दूध-भाकरी खाल्ली आणि झोपला.

‘आणि लघवी?’ मी विचारलं.

‘साफ होतीय,’ पुतण्या म्हणाला.